समोरच्या प्रबळवर गाव का नाही?

माथेरानच्या सनसेट पॉइंटवर संध्याकाळी सगळी गर्दी सूर्याकडे मोबाइल रोखून उभी असते. मला त्या वेळी सूर्यापेक्षा तो ज्याच्या आड जातो तो डोंगर जास्त छळतो. तो प्रबळगड. माथा माथेरानसारखाच सपाट, रान तसंच दाट, उंची जेमतेम शंभरेक मीटरने कमी. मुंबईहून बघितलं तर अंतरही तेवढंच, उलट पनवेल त्याला अधिक जवळ. तरीही अंधार पडला की तिकडे माचीवर चार-दोन दिवे लुकलुकतात आणि माथा काळाठिक्कर. इकडे आपल्या पाठीमागे मात्र बाजारपेठ, शाळा, पोस्ट, नगरपालिका, रेल्वे स्टेशन, शिवाय चिक्की नि चपलांच्या दुकानांची रांग.

एकाच सह्याद्रीच्या एकाच पावसात भिजणारे हे दोन शेजारी. एकावर गाव वसलं, दुसऱ्यावर रानच राहिलं. असं का?

याचं छापील उत्तर सगळ्यांना पाठ आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला, म्हणून. या उत्तराने काहीच उलगडत नाही. एखादा साहेब डोंगर चढून गेला म्हणून तिथे गाव होत असतं, तर सह्याद्रीत गावांना जागा पुरली नसती. डोंगराचं गाव व्हायला बऱ्याच गोष्टी ओळीने जुळाव्या लागतात. त्या एकेक करून बघू.

पाच अंशांचा हिशोब

पहिली गोष्ट अर्थातच गारवा. वर गेलं की गार का लागतं, हे सायकलच्या ट्यूबवर कळतं. फुगलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की बोटाला ती थंड लागते, कारण दाबून बसलेली हवा एकदम पसरते आणि पसरताना स्वतःजवळची उष्णता खर्च करते. डोंगरावर चढणाऱ्या हवेचंही तसंच. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि निवते. ढोबळ हिशोब असा की हजार मीटर चढलं की तापमान सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं.

नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, माथेरान आठशेवर. म्हणजे फरक सुमारे पाच अंशांचा. मे महिन्यात खाली ३८ असेल तर वर ३३. आकडा फार मोठा वाटत नाही, पण घामाने अंथरूण भिजलेल्या मुंबईकराला हे पाच अंश पुष्कळ. त्यात झाडांची सावली आणि कड्यांवरून येणारा वारा.

पण हाच हिशोब प्रबळलाही लागू आहे. शंभर मीटरची तूट म्हणजे अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक. तेवढ्यावरून कोणी डोंगर बदलत नाही. तेव्हा नुसत्या गारव्याने कोडं सुटत नाही.

जांभ्याचा स्पंज

दुसरी गोष्ट पाणी. माथेरानला जाऊन आलेल्या माणसाचे बूट बघा, कडांना तांबडी माती चिकटलेली असते. ही जांभ्याची माती. लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन काळ्या कातळाचा वरचा थर कुजला, त्यातला विरघळणारा भाग वाहून गेला आणि लोखंडाचा गंज धरलेला, भोकाभोकांचा दगड मागे उरला. कोकणात घरांना वापरतात तो चिरा याच जातीचा.

जांभा म्हणजे भांडी घासायचा स्पंज समजा. खाली काळा कातळ म्हणजे थाळी. पावसाळ्यात स्पंज भरतो, थाळीतून पाणी खाली झिरपत नाही, मग ते कडेकडेने बाहेर पडतं. डोंगराच्या बगलेतले झरे हे असे जन्मतात. माथा जितका पसरट, तितका स्पंज मोठा आणि झरे जास्त दिवस टिकणारे. माथेरानचा माथा प्रबळपेक्षा चांगलाच लांबरुंद आहे. मॅलेट स्प्रिंग, हॅरिसन स्प्रिंग ही नावं झऱ्यांचीच. पुढे पिसारनाथाच्या देवळाजवळ पाणी अडवून शार्लट लेक केला.

गंमत अशी की गावाला पाणी सर्वांत जास्त लागतं ते मे महिन्यात आणि स्पंज सर्वांत कोरडा असतो तोही मे महिन्यातच. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या डोंगरावर पाण्याची चणचण भासते, ती यामुळे. पाऊस किती पडतो यापेक्षा डोंगर किती धरून ठेवतो, हे महत्त्वाचं.

चौकच्या वाटेने

आता माणसं. १८५०च्या मे महिन्यात मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याला चौक गावी होता. चौकच का? मुंबईहून पुण्याला जायचं तर तेव्हा पडावातून पनवेलला उतरायचं आणि चौक, खोपोलीवरून बोरघाट चढायचा. चौक हा त्या हमरस्त्यावरचा थांबा. तिथून मॅलेट वन ट्री हिलच्या अंगाने वर चढले, माथ्यावर हिंडले आणि रामबागच्या वाटेने खाली उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत आले, वर राहिले, पुढे घरही बांधलं.

वाट होती, म्हणजे ती रोज तुडवणारे कोणी तरी होते. धनगर वर म्हशी राखत होते, उतारांवर ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या होत्या. डोंगराला नावही होतं. कोणी ते माथ्यावरचं रान असं फोडतात, कोणी मातेचं रान. रामबाग, चौक, गारबट, पिसारनाथ या नावांपैकी एकही मॅलेट यांनी ठेवलेलं नाही. इथल्या एका इंग्रज डॉक्टरांनी, जे. वाय. स्मिथ यांनी, १८७१ साली माथेरानवर पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकात इथली माणसं, वनस्पती आणि प्राणी अशी सरसकट यादी आहे. माणसं पहिल्या नंबरावर आहेत, एवढंच समाधान.

मॅलेट घराणं मात्र मराठी वाचकाला वाटतं तितकं परकं नाही. ह्यू यांचे वडील सर चार्ल्स वॉर मॅलेट हे सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात इंग्रजांचे रेसिडेंट होते. सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रं काढणारा जेम्स वेल्स हा चित्रकार त्यांचा सासरा, म्हणजे ह्यू यांचा आजोबा. भाऊ आर्थर, ज्यांच्या नावाने महाबळेश्वरचा आर्थर सीट ओळखला जातो. बाप पेशव्यांच्या दरबारात, एका मुलाचं नाव महाबळेश्वरच्या कड्यावर, दुसऱ्याचं माथेरानच्या झऱ्यावर. ह्यू यांनी माथेरानात बांधलेल्या घराचं नाव ‘द बाइक’. जिथे आजही कोणी मोटारसायकल नेऊ शकत नाही, त्या गावातल्या पहिल्या घरांपैकी एकाचं नाव बाइक! स्कॉटलंडच्या बोलीत बाइक म्हणजे मधमाश्यांचं पोळं.

सहा वर्षांत पारडं फिरलं

मॅलेट चौकला होते तेव्हा दोन डोंगरांत प्रबळचं पारडं जड होतं. पनवेलचं बंदर आणि पुण्याचा रस्ता त्याच्या अंगणात. माथेरान त्याच्या मागे, एक पायरी आत.

मग आगगाडी आली. १८५३ला ठाणे, १८५४ला कल्याण आणि १८५६च्या मे महिन्यात खोपोली. ही लाइन पनवेलकडून न जाता उल्हास नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे माथेरानच्या पूर्वेकडून गेली आणि नेरळला स्टेशन झालं. ज्या बाजूला माथेरानची पाठ होती, तिकडेच दार उघडलं. आदल्याच वर्षी, १८५५ला, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन डोंगरावर येऊन गेले होते. त्यांनी वर बंगला बांधला. गव्हर्नर जिथे उन्हाळा काढतो तिथे त्याच्या पाठोपाठ सेक्रेटरी, त्यांच्या पाठोपाठ मुंबईचे शेठ. नेरळहून वर जायला वाट रुंद झाली. घोडी, पालख्या आणि हमालांची रांग लागली.

पनवेलला रेल्वे पोचायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तोवर प्रबळची वेळ टळून गेली होती. माझ्या मते या सगळ्या कोड्याची निम्मीअधिक किल्ली इथे आहे. १८५६ला रुळांनी पूर्वेची बाजू धरली नसती, तर आज कदाचित प्रबळवर उभं राहून आपण माथेरानकडे बघितलं असतं, तेही उगवत्या सूर्यासाठी.

जूनमध्ये कोण राहतं?

रस्ता झाला, बंगले झाले. याला गाव म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ही जत्रा झाली. जत्रेतही पालं पडतात, दुकानं लागतात, हजारो माणसं जमतात आणि चार दिवसांनी पालं उठली की माळ मोकळा होतो. बंगलेवाले मार्चमध्ये यायचे आणि मृगाआधी खाली उतरायचे.

माथेरानातली जमीन सरकारने भाडेपट्ट्याने दिली. बंगल्यांचे प्लॉट एकीकडे, बाजाराचे दुसरीकडे. बंगल्याचा प्लॉट एकराच्या हिशोबात, भोवती रान. बाजाराचा प्लॉट खणाच्या हिशोबात, भिंतीला भिंत. गाव वसलं ते या दुसऱ्या पट्टीत. कारण बंगल्याला माळी लागतो, राखणदार लागतो, धोबी, न्हावी, पाणक्या, घोडेवाला, वाणी, चपला शिवणारा, मिठाईवाला लागतो. ही माणसं हंगामापुरती म्हणून वर आली. त्यातली काही जूनमध्ये उतरली नाहीत.

न उतरणं सोपं नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर बघायला मिळेल. घराच्या पश्चिमेच्या भिंती पार पागोळीपासून जमिनीपर्यंत झाकलेल्या असतात. पूर्वी गवताच्या ताट्या, आता निळी ताडपत्री किंवा पत्रे. पाऊस इथे वरून कमी आणि आडवा जास्त मारतो. तांबडा चिरा पाणी पितो आणि आतली भिंत ऑक्टोबरपर्यंत ओलीच राहते. सरपण मेमध्ये भरून ठेवायचं, धान्य आणि मीठ मेमध्ये भरून ठेवायचं. चार महिने गिऱ्हाईक नाही, म्हणजे आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे. हे गणित ज्यांना जमलं त्यांची पोरं इथे जन्मली, इथल्या शाळेत गेली. शाळेत हजेरी लागू लागली की जत्रेचं गाव होतं. १९०५ साली इथे नगरपालिका आली.

तंबूवाल्याची रेल्वे

बाजार वाढला तसा नेरळ ते माथेरान हा चढ नडू लागला. तो सोडवला एका बोहरी कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे. मुंबईत आले, लष्कराला तंबू पुरवण्याच्या धंद्यात मोठे झाले आणि १८९७ला मुंबईचे शेरीफ झाले. नेरळला एकदा त्यांना वर जायला वाहनच मिळालं नाही, म्हणून त्यांनी रेल्वे बांधायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, पैसे खरे होते. मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतलं, १९०४ला सुरुवात झाली आणि १९०७ला गाडी धावली.

डोंगरावर गाडी चढवणं म्हणजे नेमकं काय, ते आकड्यात बघण्यासारखं आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून साधी आगगाडी फार उभा चढ चढू शकत नाही. इथे कमाल चढ विसास एक ठेवला, म्हणजे वीस पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर. आता चढायचंय ७६० मीटर. त्याला विसाने गुणा, पंधरा किलोमीटरच्या वर गेलं. त्यात स्टेशनांचे सपाट तुकडे आणि सौम्य चढ मिळवले की वीस-एकवीस किलोमीटर होतात. पण नेरळ ते माथेरान सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरच आहे. मग वीस किलोमीटरची दोरी सहा किलोमीटरच्या जागेत कशी बसवायची? वेटोळी घालून. घोड्याच्या नालासारखी वळणं त्यातूनच आली.

वळणं इतकी आवळलेली की नेहमीचं इंजिन त्यात अडकून पडेल. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने त्यावर तोड काढलेली इंजिनं दिली. साध्या इंजिनात चाकांची जोडी आसावर घट्ट बसवलेली असते. यात मात्र आसाभोवती एक पोकळ नळी होती आणि चाकं त्या नळीवर. हातातली सैल बांगडी जशी मनगटावर थोडी इकडेतिकडे कलते, तशी ही नळी वळणावर कलायची. मधली चाकं आपल्या जागी, कडेची चाकं वळणाबरोबर.

*चौकट: माथेरानची गाडी*
*सुरुवात : २२ मार्च १९०७*
*खर्च : १६ लाख रुपये*
*रुळांतलं अंतर : दोन फूट (६१० मिलिमीटर)*
*सर्वांत तीव्र चढ : विसास एक*
*वाटेतली स्टेशनं : जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज*
*बोगदा : एकच, आणि तोही इतका आखूड की त्याचं नाव वन किस टनेल*

पावसाळ्यात डोंगर ढासळतो आणि रूळ सोबत घेऊन जातो. २००५च्या पुरात असंच झालं, २०१९च्या पावसातही. दोन्ही वेळा दोन-तीन वर्षांनी गाडी परत सुरू झाली. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंदच असते, पण अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा तुकडा चालू ठेवतात. तेवढा तुकडा पर्यटकांपेक्षा गावाला जास्त लागतो.

बाजारपेठेतलं एक घर

गव्हर्नर आणि शेठ यांची नोंद झाली. बाजारपट्टीतल्या घरांची नोंद कुठे ठेवलेली नसते, क्वचितच एखादं त्यातून वर येतं. १ डिसेंबर १९१२ला इथल्या एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षण गावातच, पुढचं पुण्यात, मग वकिली. शिकून ते शहरातच राहिले नाहीत, डोंगराकडे परतले. ज्या नगरपालिकेत बंगलेवाल्यांचा शब्द चालायचा तिचे ते उपाध्यक्ष झाले. पायथ्याच्या वाड्यांत शाळा काढल्या, सावकाराकडे न जाता अडीनडीला धान्य मिळावं म्हणून धान्याच्या कोठ्या सुरू केल्या.

१९४२ला त्यांनी इंग्रजांविरुद्ध आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. या भागातल्या घळी आणि पायवाटा दस्त्याला ठाऊक होत्या, पोलिसांना नव्हत्या. २ जानेवारी १९४३ला मुरबाडजवळ सिद्धगडावर पहाटे पोलिसांनी गाठलं. त्यात भाई कोतवाल आणि दस्त्यातले हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते.

मला यातली एक गोष्ट लक्षात राहते. मॅलेट चढून गेले त्यानंतर बासष्ट वर्षांनी भाई कोतवाल जन्मले. एवढ्यात डोंगराला आपला स्वतःचा माणूस मिळाला, ज्याला तुम्ही कुठले विचारलं तर उत्तर माथेरानचा असंच येणार.

पाट्या वाचायच्या कशा?

गावाचा इतिहास पुस्तकात नसला तरी पॉइंटांच्या पाट्यांवर असतो, फक्त थराथराने वाचावा लागतो. सर्वांत खाली रामबाग, गारबट, पिसारनाथ. ही वाट तुडवणाऱ्यांची नावं. त्यावर लुइसा, अलेक्झांडर, हार्ट, शार्लट. हे साहेब आणि मडमा. त्यावर माधवजी गार्डन, पेमास्टर पार्क. इथे गुजराती आणि पारशी मुंबई वर आली. मग कोतवालांचं नाव. आणि या सगळ्यांपासून फटकून एको, पॅनोरमा, सनसेट ही नावं. ही पर्यटकांसाठी ठेवलेली, कोणाचीच नसलेली.

धोबी, पाणके, हमाल यांच्या नावाचा पॉइंट मला सापडलेला नाही. त्यांची खूण दस्तुरी नाक्यावर दिसते. मोटार तिथेच थांबते. सुरुवातीला मोटारीच नव्हत्या, पुढे वाटच मोटारीजोगी नव्हती, आणि २००३ला माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाल्यावर बंदीला कायद्याचं बळ मिळालं. त्यामुळे गॅसचं सिलिंडर, सिमेंटची गोणी, दुधाची पिशवी, हॉटेलातली गादी, सगळं घोड्याच्या पाठीवर नाही तर हातगाडीवर. माणसं बरीच वर्षं हातरिक्षात, जी पुढून एक ओढायचा आणि मागून दोघे रेटायचे. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणायला सांगितलं. रिक्षा ओढणाऱ्यांनाच त्या मिळाव्यात, असंही म्हटलं.

२०११च्या जनगणनेत इथली वस्ती साडेचार हजारांच्या आत भरली. सूर्य बुडाला की सनसेट पॉइंटवरची गर्दी दहा मिनिटांत पांगते. घोडेवाले रिकाम्या घोड्यांना घेऊन बाजाराकडे चालू लागतात, घोडं वाट ओळखतं म्हणून लगाम सैल सोडलेला. समोर प्रबळच्या माचीवर दोन दिवे लागलेले असतात. माथा तसाच, काळा.